सगळ्यांत जड ओझ्याचा घोडा

मु. कळस, ता. इंदापूर
१४ सप्टेंबर १९३५

चि. जोतीराम यास थोरला भाऊ म्हस्कू याचे अनेक आशीर्वाद. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, बोलणं माझं. हितं समदी खुशाल, तुमची खुशाली कळवावी.

बाबा, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीला आठ दिस झालं, पण घास गोड लागंना. मेंढरं विकून तुझ्या बैलासाठी केलेलं चाळीस रुपये माझ्या एका शब्दापायी गेलं. काळ्या घोड्याची छाती बघितली, खूर बघितलं. फळ्यावर त्याच्या पाठीवरचं वजन समद्यात जास्त, असं तू वाचून दावलंस, तवा माझी खात्रीच झाली. बिऱ्हाड हलवताना आपण जड ओझं धडधाकट घोड्यावरच लादतो का न्हाय? तू तांबड्या घोडीकडं बघत हुतास, मीच दटावलं. आन् मेली तीच पुढं आली!

गावात बभ्रा झालाय. पारावर गेणबा मला इचारतो, औंदा पावसाच्या नक्षत्राचं वाहन घोडा हाय म्हणं, तात्या, पाऊस जिंकंल का हरंल. तीस वर्सं पंचक्रोशीनं मला जनावरं दावून घेतली. आता बाजाराला जायाचंच सोडलंय. कुणी इचारलं तर पारखायचा डोळा गेला म्हणतो.

चंद्री घोडी डाळजच्या पाव्हण्यासंगं धाडतोय. तिला इकून बैल घे. न्हाय म्हणू नगंस. सौ. बानूबाईस आशीर्वाद. राग असला तरी लोभ तुटू देऊ नगंस.

तुझा दादा,
म्हस्कू


मु. बारामती
२२ सप्टेंबर १९३५

ती. दादांच्या चरणी जोतीरामाचा शि. सा. नमस्कार वि. वि. चंद्री पोचली. बानूनं तिला आधी कडबा घातला आन् मला बजावलं, ही विकली तर चूल पेटणार न्हाय.

दादा, नेहमी शर्यतीला जाणारे एक कारकून बाजारात भेटले. ते म्हणाले, ती हँडिकॅपची शर्यत. तिथं सगळ्यांत चांगल्या घोड्यावर मुद्दाम शिसं लादतात, म्हणजे बाकीच्यांनाही जिंकायची आशा राहते. आपण ओझं लादतो ते माल पोचावा म्हणून, ते लादतात चाल मंदावी म्हणून. म्हणजे काळाच सगळ्यांत उजवा, हे तुमी बरोबर ओळखलं. एवढं वजन घेऊन तो मानेच्या अर्ध्या लांबीएवढाच मागं राहिला. डोळा गेला कशाला म्हणता? तिथला कायदा आपल्याला ठाऊक नव्हता, एवढंच.

आता खरी गोष्ट. तुमी पाणी प्यायला गेलात तेव्हा मी माझ्याजवळचे पाच रुपये गुपचूप तांबडीवर लावले. पाचाचे तीस आले. परतताना गाडीत तुमी पटक्यानं तोंड झाकून बसला होता आन् ते तीस माझ्या कनवटीला होते. तुमचा शब्द मोडल्याची लाज वाटली. आन् खोटं कशाला बोलू, दोष तुमच्या एकट्याच्या माथी बसतोय तर बसू दे, असंही वाटलं. काल बानूला सांगितलं. ती म्हणाली, तीस रुपये दडवून भावाची घोडी दावणीला बांधणारा माणूस जगात एकच, आन् तो नेमका माझ्या कपाळी आला.

मास्तर हे पत्र पारावर मोठ्यानं वाचतील, ठाऊक हाय. वाचू देत. गेणबा असला तर दोनदा वाचायला सांगा. मी चुकलो, दादा. पदरात घ्या.

तुमचा जोतीराम


मु. कळस
२९ सप्टेंबर १९३५

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद. पत्र पारावर वाचलं. मधीच मास्तर थांबून माझ्याकडं बघाया लागलं, मी म्हनलो वाचा. गेणबानं खरंच दोनदा ऐकलं आन् तंबाखूची चंची माझ्याफुडं सारली. दुसऱ्या दिशी म्हस दावाया घेऊन आला. तिचा एक सड बाद हाय, ते बी त्याला सांगितलं.

तुझा राग आला. शब्द मोडलास म्हणून न्हाय. तुला तांबडीत कायतरी दिसलं हुतं आन् ते तू माझ्यापासनं दडवलंस म्हणून. गाडीत एक शब्द बोलला असतास तर माझं पंधरा दिस असं गेलं नसतं रं. हे सांगताना डोळ्याला पाणी आलं. मास्तरांनी इचारलं, हे लिहू का. लिवा म्हनलो.

गुरुवारी बारामतीच्या बाजाराला येतो. तिसात बसंल तसला बैल घेऊ. चंद्रीला खरारा करून ठेव, माघारी तिच्यावरच येईन. बैलाचं दात मी बघीन, पाठ मी चाचपीन. पण तू माझ्या मागं गप उभा राहू नगंस. तुला दुसरा बैल आवडला तर तितंच, समद्यांच्या म्होरं, मला सांग.

लोभ हाय तसाच असावा, आन् तो बोलून दावावा, ही इनंती.

तुझा दादा,
म्हस्कू