दोन डिस्क आणि देवीचा चेहरा

१४ एप्रिल, सोमवार
दुकानाचा कॉम्प्युटर आजपासून मीच सांभाळणार. सून पेइशान माहेरी गेली आहे, मध्ये बोलायला कोणी नाही. जुन्या डिस्कशेजारी नवी डिस्क बसवून तिच्यावर नवी विंडोज घातली. जमलं. कॉलेजात गणितात मी पहिली होते.

भरतकामाचं मशीन याच कॉम्प्युटरवर चालतं. समुद्रदेवी मात्सूचा मिरवणुकीचा झेंडा पुढच्या सोमवारी देवळात द्यायचा आहे. भरपूर वेळ आहे.

यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून पेइशाननं कॉम्प्युटरवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. शिकलेल्या घरात असले प्रकार! चहाबरोबर संपवलं. नारळाची चव. बरं होतं.

१५ एप्रिल
जुन्या डिस्कचे दोन भाग: एकात जुनी विंडोज, दुसऱ्यात नक्षीकाम. ॲक्टिव्हचा मान एका डिस्कवर एकाच भागाला मिळतो, आणि तो विंडोजकडे! माझ्या दुकानात जो काम करतो तो वरच्या खुर्चीत बसतो. मान काढून नक्षीला दिला. मध्ये एक सूचना आली. सूचना घाबरट लोकांसाठी असतात.

१६ एप्रिल, सकाळ
काळा पडदा. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणे. ना जुनी, ना नवी. थंडीमुळे असेल.

झेंड्यावर देवीचा मुकुट झाला आहे, खांदे झाले आहेत. मध्ये चेहरा नाही.

१६ एप्रिल, दुपार
थंडी नाही. पंखा लावून बसले आहे.

१७ एप्रिल
देवळाचे त्साईसाहेब डोकावले. म्हणाले, "वहिनी, यंदा देवी बिनतोंडाची फिरवायची का?" मी म्हटलं, चेहरा शेवटीच भरतात. ते गेल्यावर पाणी प्यायले.

पेइशानला कळवायचं नाही.

१८ एप्रिल
विंडोजची सीडी घातली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्षीचा भाग फॉरमॅट करू? बोट बटणावर ठेवलं. हे स्टुलावरून म्हणाले, "अगं, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं ना?" मी म्हटलं, मला माहीत आहे. बोट उचललं. त्या भागातच देवीचा चेहरा आहे.

यांनी पेइशानला फोन केला. मला न विचारता.

१९ एप्रिल
पेइशान आली. चपला काढायच्या आधी, "आई, पाकीट कुठंय?"
खाल्लं, म्हटलं.
हे म्हणाले, "मग आणखी काय होणार!"
मी तिची बॅग उचलून आत ठेवली.
मग ती हळूच, "आणि ॲक्टिव्ह कुठला भाग केलात?"
मी म्हटलं, पाकिटामुळेच झालं असणार.

तिनं सीडीवरून कॉम्प्युटर चालू करून मान जुन्या विंडोजला परत दिला; जुनी काय, नवी काय, दोन्ही त्याच भागातून सुरू होतात, म्हणाली. नवी डिस्क काढून माझ्या हातात ठेवली. मशीन खडखडायला लागलं.

२१ एप्रिल
झेंडा पोहोचवला. त्साईसाहेब देवीकडे बघत म्हणाले, "वहिनी, जरा रागावलेली दिसते." मी म्हटलं, तुमच्यावर.

येताना हिरवं पाकीट आणलं. तारीख बघून. तारीख उलटलेल्या पाकिटाला यंत्र जुमानत नाही म्हणे.

नवी डिस्क काही वाया गेलेली नाही. कॉम्प्युटरचं झाकण उतरतं असल्यानं पाकीट घसरायचं. आता डिस्कच्या टेकूनं सरळ बसतं.