मराठीतून ऐकणारं कुणी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुठे मी तुला सांगते आहे की मला बरं नाही. ताप नाही, शुगर नाही. ऑफिसातून येते, घरासमोर स्कूटी उभी करते आणि तिच्यावरच बसून राहते. आत दिवा दिसतो, सासूबाईंची मालिका ऐकू येते आणि पाय खाली उतरत नाहीत. सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली. नवऱ्याला सांगायला गेले तर म्हणाला, अभनपुरला मामाकडे चार दिवस जाऊन ये. त्याच्या मते सगळ्या दुखण्यांवर हवापालट हाच इलाज.

मग मी गुपचूप काउन्सेलर शोधायला लागले. हट्ट एकच, बाई मराठी हवी. तूच घालून दिलेली रीत ना ती: बाहेर हिंदी, घरचं दुखणंखुपणं मराठीत, म्हणजे पाऱ्यात, गल्लीत शेजारीपाजारी कुणाला कळायला नको. सातवीत नापास झाले तेव्हा मी ओट्याशी हमसून रडत होते आणि शेजारची दीदी विरजण मागायला दारात आली. तू तिच्याकडे बघून हसत हसत मला म्हणालीस, "डोळे पूस आधी. पाऱ्याले तमाशा काहून दाखवून राहिली?" दीदीला वाटलं, तू माझे लाडच करते आहेस.

तर शंकर नगरात एक मराठी बाई मिळाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी आडनाव वाचलं आणि इथे हिंदी मुलखात आपली माणसं भेटली की जे होतं तेच झालं. माहेर कुठलं, नागपूरकडचे की इथलेच जुने, सासूबाई म्हणजे मंडळात भजनं म्हणतात त्याच का? चहा येईपर्यंत त्या सासूबाईंच्या मावसबहिणीच्या जाऊबाई निघाल्या. मग मायेनेच म्हणाल्या, "आता सांग, काय होऊन राहिलं तुले?" मी म्हटलं, झोप जरा कमी लागते. हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन बाहेर पडले.

आता तेलीबांध्याला जाते. तिथली काउन्सेलर तरुण पोरगी आहे, हिंदी बोलणारी, नातं निघायची भीती नाही. पण हिंदी मी साहेबांशी आणि भाजीवाल्याशीच बोलत आले. त्या भाषेत मला रडताच येत नाही गं. दर गुरुवारी 'सब ठीक है, बस थोडी थकान है' असं सांगून परत येते. मराठीत सांगावं तर घरी पोचतं, हिंदीत सांगावं तर तोंडातून निघत नाही. कोंडल्यासारखं होतं, आई.

या खेपेला तिने पेन खाली ठेवून विचारलं, "ऐसा कोई है, जिसको आप सब बोल सकती हैं?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "मम्मी." तिचा चेहरा एकदम खुलला. "तो इस हफ़्ते मम्मी के पास बैठिए, सब बता दीजिए. फिर मुझे बताइए, वो क्या बोलीं." मी मान डोलावून हव म्हटलं.

म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही आणि या घरात ठेवायला जागा नाही, तेव्हा फाडूनच टाकीन. तू नाहीस, हे मी तिला सांगितलं नाही. ती इतकी खूश झाली होती की जीभच उचलली नाही. गुरुवारी ती विचारेलच. आणि खरं सांगू, तिच्याकडून निघाल्यावर जिना उतरताना मी मनाशी जुळवतसुद्धा होते, घरी गेल्यावर तुला कुठून सुरुवात करून सांगायचं ते.