इंजनाचं वाहतं पाणी

॥ श्री ॥

परतूर, चैत्र शुद्ध १०, शके १८५९

ती. सौ. उमाअक्काचे चरणी वामनचा साष्टांग नमस्कार वि. वि. इकडे आई, विमल व मी खुशाल आहोत. खुशाल नाही ते एकटं आपल्या गिरणीचं इंजन.

सकाळी मोठ्या उमेदीने सुरू होतं, आणि दुपार व्हायच्या आत असं तापतं की त्यावर भाकरी भाजून घ्यावी. हौदातलं गार पाणी इंजनाच्या अंगातून फिरवून परत हौदात आणणारा जो पंप आहे, त्यानेच हाय खाल्ली आहे. पूर्वी हौदात मनगटाएवढी धार पडायची, आता करंगळीएवढी पडते. मंगळवारी तर दळण हटकून बंद. इंजन चालवणारा आपला कडूबा म्हणतो, याला मंगळ आहे.

थट्टेची वेळ नाही हे तुला कळेलच. काकासाहेबांचा गिरणीत निम्मा हिस्सा. अंबडला वकिलीच्या गादीवर बसून त्यांनी फर्मान काढलं आहे की अक्षयतृतीयेला मी स्वतः येऊन बघेन. इंजन बराबर चाललं तर ठीक, नाहीतर सेलूचं गिऱ्हाईक तयार आहे. मग मी त्यांच्या कचेरीत कारकून, विमल अंबडच्या भाड्याच्या खोलीत, आणि आई इथे एकटी, कारण ती हे घर सोडणार नाही. दाजींना विचारून एक चांगला पंप जालन्याहून जल्दी पाठव.

आईने महादेवाला साकडं घातलं आहे. रोज एकशे आठ बेलाची पानं, सोमवारी दुप्पट. दुधना आटल्यापासून तिची नदीवरची चक्कर बंद झाली, तेवढाच गुडघ्यांना आराम. हल्ली पूजा आटोपली की गिरणीकडे येते, आणि आजारी माणसाला बघून जावं तशी इंजनाला बघून जाते.

कळावे, तापलेल्या भावावर लोभाची सावली असू द्यावी.

तुझा वामन


॥ श्री ॥

जालना, चैत्र शुद्ध १३

चि. वामन यास उमाअक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. इंजनाला मंगळ असेल तर पंपही मंगळाचाच पाहायला हवा, आणि तसला जालन्याच्या बाजारात मिळतो की नाही याची चौकशी करते.

तुझे दाजी कापसाच्या जिनातून आल्याबरोबर त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांची आयुष्याची वर्षं जिनिंगच्या इंजनांत गेली, पण 'एक चांगला पंप' हे माप त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. म्हणाले, वामनरावांना विचार, लिंबाएवढा की कलिंगडाएवढा. तेव्हा नीट माप पाठव. नळाचं तोंड किती, बैठकीच्या भोकांत अंतर किती, पट्टा चढतो त्या चाकाची रुंदी किती, आणि पंप फिरतो कोणत्या बाजूने. जुन्या पंपाचा आस हाताने हलवून पाहा. खेळ असेल तर लिही. जमलं तर उघडूनही बघ.

आईला म्हणावं, बेलाच्या झाडावर चार पानं राहू दे. तूही फार काळजी करू नकोस. अंबडला तुला कोण पाठवतं ते मी बघते. लहानपणी काकासाहेबांची छडी लपवणारी मीच होते.

कळावे, लोभ आहेच, माप तेवढं पाठवावं.

तुझी अक्का


॥ श्री ॥

परतूर, चैत्र पौर्णिमा

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि. लग्नातल्या माझ्या बुटांचं खोकं विमलने जपून ठेवलं होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर पंपाची बैठक ठेवून तो बरहुकूम कापला आहे, भोकांसकट. विमल रुसली आहे. चाकाची रुंदी सोबतच्या सुतळीच्या एका गाठीपर्यंत, नळाचं तोंड दुसऱ्या गाठीपर्यंत. पट्ट्याच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. कडूबाच्या भाषेत, देवाला प्रदक्षिणा घालतो तसा.

आस म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतो. उघडायला गेलो तर नट गंजून बसलेले. झाकण तडकेल म्हणून कडूबाने पानाच हातातून काढून घेतला.

कळावे, पुठ्ठा हरवू नये व लोभही.

वामन


॥ श्री ॥

जालना, चैत्र वद्य ५

चि. वामन यास आशीर्वाद. तुझ्या इंजनाची सोयरीक जमवून आले. हो, मीच. तुझे दाजी बरोबर होते, पण पुठ्ठा माझ्या पिशवीत होता.

दुकानदाराने आधी एक राजबिंडा पंप पुढे केला. हिरवागार रंग, पितळेची पाटी, चांगला दणकट. तुझे दाजीसुद्धा भुलले. त्याच्याभोवती ते असे फिरू लागले की मला वाटलं आता आरती म्हणतात. मी मुकाट्याने पुठ्ठा काढून खाली सरकवला. चार भोकांपैकी एक जुळेना. दुकानदार म्हणाला, बाई, नवी भोकं पाडा की. मी म्हटलं, नवरा घरात मावत नाही म्हणून भिंत पाडायची का? मग दाजीही भानावर आले. म्हणाले, एवढा मोठा पंप तुमच्या इंजनाला गारठवून टाकेल. इंजन बेताचं गरम राहिलं तरच तेल नीट जाळतं.

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक सावळा, ठेंगणा पंप निघाला. भोकं जुळली, तोंड जुळलं, प्रदक्षिणेची दिशाही जुळली. हाताने फिरवला तर आवाज न करता फिरला, हलवला तर हलला नाही. मुलगी बघताना चालवतात तसं मी त्याला चार पावलं चालवूनही पाहिलं असतं. चाक थोडं अरुंद होतं, ते बदलून घेतलं. रेल्वेची बिलटी सोबत आहे, स्टेशनवरून लगेच सोडवून आण.

बसवताना दाजींनी सांगितलेलं ध्यानात ठेव. पंप आणि नळाच्या जोडातला कागद तेलात भिजवून घाल. नट एकदम आवळू नकोस. समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. इंजनाचं चाक आणि पंपाचं चाक एका सुतळीत आहे का ते ताणून बघ, नाहीतर पट्टा उतरेल. आणि सुरू करण्याआधी पंपात तोंडापर्यंत पाणी भर. कोरडा पंप फिरवणं म्हणजे उपाशी माणसाला कुस्तीला उतरवणं.

कळावे, नव्या सुनेसारखं त्याला जपावं आणि आमच्यावर लोभ ठेवावा.

तुझी अक्का


॥ श्री ॥

परतूर, चैत्र वद्य १२

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि. दोन बातम्या आहेत. गोड आधी लिहितो.

पंप पुठ्ठ्यासारखा चपखल बसला. तू लिहिलंस तसंच सारं केलं. कडूबाने हँडल मारलं, इंजनाने दोन उचक्या दिल्या आणि हौदात मनगटाएवढी धार पडली. कडूबा म्हणाला, मालक, इंजन गाणं म्हणून राह्यलं. बायका दळणाच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या, त्याही हसू लागल्या. विमलने पंपाला हळदकुंकू लावलं आणि बुटाच्या खोक्याचा राग सोडला. आईचा आनंद तर पोटात मावेना. महादेवाने ऐकलं म्हणून तिने बेल रोजचाच दुप्पट केला.

आता कडू. चौथ्या दिवसापासून धार बारीक होऊ लागली. काल मंगळवारी इंजन पुन्हा तापलं, पूर्वीपेक्षाही जल्दी. पट्टा पाहिला, नट पाहिले, सारं बराबर. नवा पंप, आणि रोग तोच. मला वाटू लागलं आहे की दोष पंपात नाही, माझ्या नशिबात आहे.

अक्का, एरवी मी कशाचंही हसू करतो हे तुला ठाऊक आहे. पण मला अंबडला जायचं नाही. या गिरणीत पिठाने पांढरं होऊन घरी आलो की आई पदराने माझं तोंड पुसते. ते सोडून मला कुठल्याही कचेरीत बसायचं नाही. अक्षयतृतीया तोंडावर आली आहे.

कळावे. लोभ असावा, या खेपेला जरा जास्तच.

वामन


॥ श्री ॥

जालना, चैत्र वद्य १४

चि. वामन यास आशीर्वाद. घाईत लिहिते. जिनाचा हंगाम संपला आहे, तुझे दाजी उद्याच्या गाडीने निघतात. ते येईपर्यंत काही उघडू नकोस आणि नशिबालाही हात लावू नकोस. त्यांनी एकच विचारलं आहे: हौदात बुडालेल्या नळाच्या तोंडाला जाळी आहे ना?

तुझी अक्का


॥ श्री ॥

परतूर, वैशाख शुद्ध २

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि. हे पत्र दाजींच्याच हाती देतो आहे, म्हणजे पोस्टमन, विमल वा आई कोणाच्याही नजरेस पडायला नको.

जाळी नव्हती. ती कधीच गंजून गळून पडली होती. पाणी आपल्याच आडाचं, स्वच्छ, मग जाळी हवी कशाला असं मी समजत होतो. रागवायच्या ऐवजी दाजींनी नळाचं उघडं तोंड माझ्यापुढे धरलं. ते जास्त लागलं.

मग त्यांनी नवा पंप उघडला. आत काय असावं? बेल. चिखल झालेला बेल, तुळस, झेंडूच्या पाकळ्या, आणि आसाभोवती गुंडाळलेल्या कापसाच्या वाती. दाजींनी एक वात उलगडून हातावर ठेवली. ती कोणाच्या हातची हे मला विचारावं लागलं नाही.

दाजींनी मग जुना पंपही तेल सोडून, हळूहळू ठोकून उघडला. त्यातही तोच प्रसाद. आस झिजला होता हे खरं, पण गळा मात्र बेलानेच दाबला होता.

आज सकाळी आम्ही दोघे गिरणीच्या दाराआड उभे राहिलो. आई तबक घेऊन आली. निर्माल्य हळूच हौदात सोडलं, आणि इंजनाला हात जोडून परतली. तेव्हा सारं उमगलं. निर्माल्य पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावं. दुधना आटलेली. साऱ्या गावात वाहतं पाणी राहिलं ते एकट्या आपल्या इंजनाचं. इंजन तापलं की आईचा बेल वाढायचा, बेल वाढला की इंजन आणखी तापायचं. सोमवारी बेल दुप्पट, म्हणून मंगळवारी दळण बंद. कडूबाचा मंगळ खरा निघाला म्हणायचा.

अक्का, तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही. ज्या हातांनी इंजनासाठी नवस केला, त्याच हातांनी ते बंद पाडलं हे तिला कळलं तर ती अन्न टाकेल. म्हणून दाजींनी जेवताना सहज विषय काढला, की जालन्याचे एक शास्त्रीबुवा म्हणतात, तेलकट पाण्यात सोडलेलं निर्माल्य देवाला पोचत नाही. आईने त्यांच्या पानात आणखी पुरण वाढलं. दुपारी मी आणि कडूबाने आडापासून तुळशीपर्यंत पन्हळ घातली आणि खाली दगडी कुंड बसवलं. बादली ओढली की पाणी वाहतं. आई म्हणाली, छान झालं.

नळाला पितळेची दाट जाळी बसली आहे. हौद उपसून धुतला. धार मनगटाएवढी आहे. जुना पंप पोत्यात घालून कोठीत कणगीच्या मागे लपवला आहे. कडूबाला बेलभंडाऱ्याची शपथ घातली आहे. उद्या काकासाहेब येतात.

कळावे. तूही आईजवळ जिभेला जाळी लावावी, आणि लोभ मात्र मोकळा वाहू द्यावा.

वामन


॥ श्री ॥

परतूर, वैशाख शुद्ध ६

चि. सौ. उमास आईचे अनेक आशीर्वाद. लिहिणार विमल. वन्सं, सासूबाई बोलतात तस्संच लिहायची मला ताकीद आहे, एक अक्षर इकडचं तिकडे न्हाई. आता मी, आई, बोलते. वामन गिरणीत आहे, त्याला हे पत्र ठाऊक न्हाई आणि कळू द्यायचं न्हाई.

काकासाहेब आल्ते. काळा कोट घालून, छडी घेऊन इंजनापुढं खुर्ची टाकून बसले. म्हणाले, तापेपर्यंत हलत न्हाई. मंग बसून राह्यले, बसून राह्यले. दिवस मावळला तरी इंजन आपलं चालूच. कोट पांढरा झाला, मिशा पांढऱ्या झाल्या, घोरायला लागले. उठल्यावर वामनच्या पाठीवर थाप मारली आणि सेलूच्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हणून निरोप धाडला. जाताना दोन पायल्या गव्हाचं पीठ घेऊन गेले, फुकट.

आता माझं ऐक. परवा मी कोठीत ज्वारी काढायला गेल्ते. कणगीमागं पोतं दिसलं. आपल्या घरात पोतं मी ठेवीन तिथं असतं, हे कोणी ठेवलं म्हणून उघडून बघितलं. जुना पंप. त्याच्या आसाला वात. तीन पदरी, टोकाला पीळ दिलेली. उमा, माझी वात मला वळखू येत न्हाई व्हय? कणगीला टेकून आधी रडले, की आपणच लेकाच्या पोटावर पाय दिला. मंग शास्त्रीबुवा आठवले आणि हसू आलं. जावईबापूंनी जन्मात कधी शास्त्र्याचं नाव घेतलं न्हाई, तेव्हाच मला शंका आल्ती. कडूबा तर मला बघितलं की तोंडावर हात धरून पळून राह्यला.

मी पोतं होतं तसं बांधून ठेवलं. मला काही ठाऊक न्हाई, असंच राहू दे. निर्माल्य कुंडात सोडते. वामन रोज हौदावर वाकून जाळी बघतो, आणि मी आले की तोंड फिरवून शीळ घालतो. मी पदरानं त्याचं तोंड पुसते.

बेल मी इंजनासाठी वाहत नव्हते गं. पोरगं घरात राहावं म्हणून वाहत होते. ते अंबडला गेलं असतं, तर मला इतक्या मायेनं फसवायला इथं कोण उरलं असतं?

येत्या सोमवारी उद्यापन आहे, पुरणपोळीला पीठ आपल्याच गिरणीचं. जावईबापूंना घेऊन ये, आणि माझ्यापुढं तोंड सरळ ठेव. कळावे, जसा आहे तसाच लोभ आपण तिघींनीही लपवून ठेवावा.

तुझी आई