पिशवी दाराशी ठेवली आहे

ठकू,

गेल्या वर्षी आई गेल्याचं मला कळलं त्या दिवशी तू शिबिरात होतीस, आणि मी तुला संध्याकाळपर्यंत कळवलं नाही. सकाळीच तिने दवाखान्यात मला बजावलं होतं, "आज तिची नाव वल्हवायची परीक्षा आहे. मध्येच बोलावलंत तर बघा!" तिचं शेवटचं सांगणं माझ्याने मोडवलं नाही. यंदा शिबिराला जाणार नाही म्हणतेस, पण राग माझ्यावर धर, शिबिरावर नको.

त्याआधी फोन वाजला की तू आईच्या मागे दडायचीस. त्या दिवशी घरी आलीस, मला नंबरही लावता येईना, तेव्हा मामाला आणि आत्याला फोन तूच केलेस. ते बळ तू तिथूनच घेऊन आली होतीस. यंदा लहान मुलींना वल्हं धरायला तू शिकवायचंस, असं शिबिराच्या बाईंनी कळवलंय. तेव्हा तू जायचंच.

मी मुद्दाम लवकर कामावर निघालोय. समोर असतो तर तू मला गुंडाळलं असतंस. बस साडेसातला कोपऱ्यावर येईल. कपड्यांवर तुझ्या नावाच्या पट्ट्या आई शिवायची, यंदा मी शिवल्यात. एका मोज्याचं तोंडच शिवलं गेलंय. हसून झालं की उसव. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस, अंडी उकडता येतात मला.

परत आलीस की दोघं मिळून आईचं कपाट उघडू. वर्ष झालं, ते आवरायचं राहिलंय.

बाबा