पंधरा दिवसांनी तीच उत्तरं

४ मार्च, मंगळवार

काल रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही. ठमी रडत होती म्हणून नाही. ती ढाराढूर. मीच टक्क जागी. कारण काय, तर एक फॉर्म.

काल तिला लस टोचायला दवाखान्यात नेलं. तिथं एक बाई बसलेली, गळ्यात ओळखपत्र. म्हणाली, नवीन बाळंतिणींच्या मनाची चाचणी तयार करतोय, अजून कच्ची आहे, तुमच्यासारख्यांवर करून बघायची आहे. बावीस प्रश्न. प्रत्येकापुढं चार चौकोन — नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही. "बरोबर-चूक काही नसतं ताई, मनात येईल ते सांगा."

मनात येईल ते! सासूबाई कोपराला कोपर लावून बसलेल्या. विनाकारण रडू येतं का, म्हटल्यावर मी बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आमची सून रडत नाही, रडवते." फॉर्मवाली हसली. मीही हसले. कधीच नाही वर खूण.

एकोणिसावा प्रश्न आला. आपल्या हातून बाळाला काही होईल अशी भीती वाटते.

कधीच नाही.

बरं, सुटले म्हणून उठले तर म्हणते, पंधरा दिवसांनी हाच फॉर्म परत भरायचा. का हो? "उत्तरं तशीच येतात का ते बघायचं असतं."

म्हणजे पकडायलाच की. खोटं बोलणाऱ्याला दोनदा विचारतात ना, तसं. आता रात्रभर आठवत बसले, कुठल्या चौकोनात काय केलं ते.

६ मार्च

आठवतील तशी उत्तरं या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढली. एकोणीस जमली. तीन अडलीत — सहा, तेरा, सतरा. सहाला क्वचित केलं होतं बहुतेक.

आणि प्रश्न तरी कसले. "मला पूर्वीइतकंच हसू येतं." पूर्वी म्हणजे कधी बाई? लग्नाआधी? पोटुशी असताना? मागच्या सोमवारी?

एक तर असा — "मी बाळावर कधीच वैतागत नाही." आणि खाली चौकोन, कधीच नाही. मग तिथं खूण केली तर मी वैतागते की नाही वैतागत? विचारलं तिला. म्हणे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी "नेहमी" केलं. कुठली आई कधीच वैतागत नाही? तो प्रश्न थापाडी शोधायलाच घातला असणार, हे घरी येऊन भांडी घासताना कळलं. आता काय उपयोग. तेच परत करावं लागणार.

झोपेचं तर दोनदा विचारलंय. एकदा "शांत झोप लागते", नंतर पंधराव्याला "दचकून जाग येते". आम्ही काय खुळ्या आहोत?

९ मार्च

ठमीला आंघोळ आजही सासूबाईंनीच घातली. माझी पाठ दुखतेय म्हणून सांगितलं.

पाठ दुखत नाही. इथं तरी लिहिते. टबात पाणी दिसलं की डोळ्यांपुढं येतं — माझा हात सुटलाय आणि ती खाली. मला तसं करायचं नाहीये. देवाशप्पथ नाही. पण येतं. दिवसातून चार-पाच वेळा येतं. मी टबाच्या जवळ जात नाही.

११ मार्च

मी पाठ करत होते. एक कधीच नाही, दोन नेहमी, तीन नेहमी, चार क्वचित. ह्यांनी ऐकलं. "काय गं, परीक्षा आहे का?" म्हटलं, दवाखान्याचं आहे. तर म्हणतात, "सातवीत गणितात गेलीस, आता आईपणात जाऊ नको म्हणजे झालं."

मी हसले. त्यांना वाटतं मी हसले म्हणजे झालं.

मग जेवताना आपणच म्हणाले, "पलीकडच्या शिंपिणीच्या सुनेनं डॉक्टरला काय काय सांगितलं होतं म्हणे. सहा महिने पोर तिच्यापासून काढून आजीकडं ठेवलं. ती रोज खिडकीतून बघायची." आणि भाजी वाढ म्हणाले.

वाढली.

१३ मार्च

दादाचा फोन. "कशी आहेस?" छान. "ठमी?" छान. "झोप होते?" हो. "आवाज असा का?" सर्दी.

मागच्या आठवड्यातही हेच. त्याच्या आधीही हेच. त्यातली सर्दीसुद्धा.

शाळा सुटल्यावर मी दादाच्या दुकानात बसायचे, वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. मी मापं पुसायचे. एकदा एक काटा आला, तेच पुडकं दोनदा ठेवलं, दोनदा पाचशे दाखवलं. मी म्हटलं, दादा, झाला नीट. तो म्हणाला, "अगं येडे, दोन्ही वेळा सारखंच खोटं बोलत असेल तो." मग लाकडी पेटीतलं खात्रीचं वजन काढलं, ज्याला तो उघड्या हातानं शिवत नाही ते. ठेवलं. काटा चाळीस ग्रॅम चुकत होता. रोज. न चुकता.

१५ मार्च

सहा, तेरा, सतरा अजून नक्की नाहीत. सगळ्यांना क्वचित करणार. क्वचितमध्ये कुणी अडकत नाही.

१७ मार्च, सोमवार

भरला. सासूबाई होत्याच शेजारी. मी धडाधडा सांगत गेले, प्रश्न पुरा वाचायच्या आत.

फॉर्मवालीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवलं. "एकही बदललं नाही! बावीसच्या बावीस. बाकीच्यांची चार-पाच तरी बदलतात." म्हणजे अडलेली तिन्हीही अंदाजानं जुळली. सासूबाईंची मान ताठ. "आमच्याकडं एकदा बोललं की बोललं." फॉर्मवाली म्हणाली, अशा दोनशे जणी मिळाल्या की चाचणी पक्की, मग सगळ्या दवाखान्यांत जाईल.

माझ्या थापांवरून माप बनवणार ही. मग उद्या कुठली तरी पोरगी, टबाला भिणारी, हाच फॉर्म भरेल. आणि त्या मापानं तिला सांगतील, काही नाही झालं तुला, जा घरी.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दोनदा सारखं आलं म्हणजे खरं कसं?"

तिनं पहिल्यांदाच कागद सोडून माझ्याकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "हिचं काही मनावर घेऊ नका." तिनं घेतलं बहुतेक. म्हणाली, "नाही, बरोबर विचारलंत. म्हणून तर काही जणींशी आमच्या डॉक्टरबाई एकट्यानं बोलतात. त्यांना काय दिसतं आणि फॉर्म काय म्हणतो, ते ताडून बघतात. नाही जुळलं तर फॉर्म चुकीचा, बाई नाही." आणि चिठ्ठी दिली. गुरुवार, अकरा. मी ठमीच्या दुपट्यात खोचली.

पेटीतलं वजन ते. भीती वाटतेय.

१९ मार्च

जाणार नाही.

२० मार्च, गुरुवार

सासूबाई सकाळीच नणंदेकडं गेल्या. ठमीनं घाण केली, धुवायला हवी होती. पाणी काढलं. टब भरला. अर्धा तास उभी होते तिला घेऊन. मग टब पालथा केला आणि तिला ओल्या फडक्यानं पुसून शिंपिणीकडं नेली. तिची सून घरी होती. काही न विचारता घेतली तिनं. म्हणाली, "जा. मी आहे."

डॉक्टरबाईंकडं चाललेय. एकोणिसाव्याचं खरं सांगणार. परत कधी सोडतील, ठमी कुणाकडं ठेवतील, मला माहीत नाही.

वही गादीवर उघडी ठेवलीये. सासूबाई असोत, हे असोत, कुणीही वाचा, पण आधी माझ्या दादाला फोन करा. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आहे. त्याला म्हणावं ये, आणि ठमीजवळ थांब. मी लावला असता, पण तो "कशी आहेस" विचारेल, आणि माझ्या तोंडून परत छानच येईल.