मुन्नाशेठ कुणाचा

इंदापूर, मंगळवार

आदरणीय दस्तगीर मामू आणि गौहर मामी यांना मुबशिराचा सलाम.

आम्ही इकडे बरे आहोत. मामू, गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर पडतात ना? (मामी, ते काम मामूंवर सोडू नका. ते दोन सांगितले तर सहा घालतात.) फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर मामूंना कमी ऐकू येतं, मग ते फोन मामींकडे देतात, आणि मामी आधी भाजी काय केली ते विचारतात. मला जे सांगायचं आहे त्यात मध्ये भाजी आली तर माझ्याच्यानं पुढं सांगवणार नाही.

माझं पुस्तक तुमच्याकडे आहेच, घड्याळामागे उभं करून ठेवलेलं. गावोगाव सायकलवरून बांगड्या विकणाऱ्या मुन्नाशेठच्या अकरा गोष्टी. दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या रविराजसाहेबांनी ते छापलं. तर गेल्या सोमवारी मी इंदापूरच्या स्टँडवर केळी घेत होते आणि केळीवाल्याच्या मोबाइलमधून मुन्नाशेठ बोलायला लागला. कुणीतरी खर्जातल्या आवाजात माझी तिसरी गोष्ट वाचत होतं, स्वल्पविरामासकट. केळीवाला हसत होता. मला आधी आनंद झाला (खोटं कशाला सांगू), मग मी शेवटापर्यंत थांबले, माझं नाव येईल म्हणून. नाव आलं ते असं: "निर्मिती आणि सर्व हक्क, रविराज". बस्स. मी केळी तिथंच विसरले.

घरी येऊन करारपत्र शोधलं. ते कुठं सापडलं ते विचारू नका (इस्त्रीच्या कपड्यांखाली अंथरलेलं). मामू, तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान चौदा वर्षं आहे. लोकांच्या खरेदीखतात ओढ्याची बाजू चुकली तर मी अख्खं पान परत टाइप करते. आणि स्वतःचा करार मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. सही केली होती भवानीनगरच्या सत्कारात, खांद्यावर शाल, डाव्या हातात नारळ, समोर फोटोवाला. साहेबांनी पेन दिलं, मी केली. लोकांना वाटलं मी स्वाक्षरी देते आहे. मलाही तसंच वाटलं होतं. सातवं कलम होतं: सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले, सर्व प्रकारचे हक्क प्रकाशकाकडे. त्या सर्वांत मी कुठं बसते ते शोधत मी ते कलम चार वेळा वाचलं.

शेजारी बसणारे तात्याबा तुम्हाला आठवत असतील, स्टँपवर अर्ज लिहून देणारे, जाड भिंगवाले. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून दोनदा वाचला, आणि मी तेवढा वेळ लोकांच्या उत्पन्नाच्या दाखल्यांत चुका करत बसले. मग म्हणाले, "ह्येच्यात मुदत कुठं हाय? किती वरसांसाठी दिलं त्ये लिवलंच न्हाय की." मी म्हटलं, म्हणजे कायमचं गेलं. "आगं न्हाय, तसं नसतंय. थांब." ते उठून समोरच्या वकिलांकडं गेले आणि कायद्याचं पुस्तकच काखेत घालून आले. त्यात स्पष्ट होतं: लेखी करारात मुदत नसेल तर हक्क दिले ते पाच वर्षांपुरतेच धरायचे. आणि हक्क दिले तरी लिहिणाऱ्याचं नाव त्याचंच राहतं, ते पुसता येत नाही. तात्याबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव तुजंच हाय. जा आन माग."

म्हणून शनिवारी बारामतीला गेले. (नईम येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. तुमचे जावई भांडणात आधी समोरच्याला पाणी विचारतात.) रविराजसाहेबांनी चहा मागवला, सत्काराच्या आठवणी काढल्या, आणि टेबलावर दुसरा करार ठेवला, मुन्नाशेठच्या दुसऱ्या भागाचा. सातवं कलम होतं तसंच होतं. मी सही करणार नाही म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "हरकत नाही, ताई. दुसरा भाग दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मुन्नाशेठ आता संस्थेचा आहे." मामू, चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले की कचेरीत आवाज चढवू नका. मी आवाज चढवला नाही, पण कप बशीत ठेवताना तो वाजला. मुदतीचं सांगितलं, नावाचं सांगितलं, कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स नेली होती, ती पुढं केली. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात त्यांनी जुन्या कराराचं शेवटचं पान उलटलं. अकरावं कलम. "लेखिका हमी देते की सदर मजकूर सर्वस्वी तिचा स्वतःचा आहे." मग त्यांनी त्यांच्याकडे काम करणाऱ्या सुकन्याला हाक मारली. ती मुलगी मोबाइल घेऊन आली आणि माझ्याकडं न बघता तो टेबलावर ठेवून गेली. केळीच्या गाडीवर मी जी गोष्ट ऐकली, तिच्याखाली तुमच्याच गावच्या कुणीतरी शेळगावकरानं लिहिलं होतं: "अहो, ह्या तर आमच्या दस्तगीर मणेराच्या गोष्टी. लहानपणी पारावर ऐकल्यात."

साहेबांनी विचारलं, "खरं आहे का, ताई?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सुरू होईना. मी मनात म्हणत होते, ती सुरू होऊ दे, म्हणजे तेवढ्या आवाजात मला काहीतरी सुचेल. "लिहिणं माझं आहे," मी म्हटलं. "प्रत्येक शब्द माझा आहे."

"आणि गोष्टी?"

"मामूंच्या," मी म्हटलं. आणि लगेच पुढं म्हटलं, "त्यांना विचारून लिहिल्यात."

मामू, मी तुम्हाला विचारलं नव्हतं. पुस्तक आल्यावर तुम्ही ते हातात घेऊन चित्रं बघितलीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि घड्याळामागे उभं केलंत. तुम्ही ते वाचलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही, तुम्ही हो म्हणाल या भीतीनं. साहेब म्हणाले, मामूंची लेखी संमती पुढच्या शनिवारपर्यंत आणा. ताई, ऐकायच्या गोष्टींत तुमचं नाव घालतो आणि नवा करार मुदत लिहून करतो. नाहीतर हमी मोडली म्हणून नोटीस. परतताना बस शेळगाव फाट्यावर थांबली. मी पिशवी घेऊन उठले. कंडक्टरनं दार उघडलं. मी परत बसले. तो मला काहीबाही बोलला आणि ते बरोबर होतं.

मामींना सलाम, तुमच्या छोट्या आसियाला लाडाचा पापा. गुडघ्याला शेक घ्या.

तुमची भाची,
मुबशिरा

ता. क. सोबत एक कागद आहे. फुली केली आहे तिथं सही करा आणि उलट टपाली पाठवा. विशेष काही नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी नईमनी तो कागद वाचायला मागितला. मी लिहिलं होतं की तुम्ही सांगितलेल्या आणि यापुढे सांगाल त्या सर्व गोष्टींवरचे सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क माझ्याकडे. ते वाचून नईम म्हणाले, "हे तर रविराजसाहेबांचंच झालं, फक्त तुझ्या टायपिंगमध्ये." मी तो कागद फाडला. आता सोबत कोरा कागद आहे. तुम्हाला परवानगी द्यायची असेल तर तुमच्या शब्दांत लिहा, किती वर्षांसाठी ते लिहा, आणि तुमचं नाव पुस्तकावर कुठं हवं तेही लिहा. द्यायची नसेल तर तसं लिहा. मी तो कागद शनिवारी आहे तसा बारामतीत ठेवीन.

ता. क. तिसरा. परवानगी दिलीत तरच पुढचं वाचा. मुन्नाशेठच्या त्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीत कुशाबाईच्या मनगटात बांगडी अडकली, निघेना, आणि तेवढ्यात दारात पाहुणे येऊन उभे राहिले, इथवर तुम्ही सांगितलं होतंत. मग मामींनी जेवायला हाक मारली. त्याला अठरा वर्षं झाली. पुढं काय झालं ते कोऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला थोडक्यात लिहा. दुसऱ्या भागाची पहिली गोष्ट म्हणून ती पूर्ण लिहून तयार आहे, असं मी रविराजसाहेबांना सांगून आले आहे.