विहीर क्रमांक ४१७

सोमवार, ४ मार्च
दोनशे बारा विहिरी उरल्या. म्हणजे वादातल्या! बाकीच्या विमानातून काढलेल्या फोटोवर स्वच्छ दिसतात, त्यांचा प्रश्न मिटला. या दोनशे बारा फक्त जुन्या कागदी नकाशांवर आहेत. त्यातले निम्मे नकाशे बाबांच्या हातचे. निळ्या शाईचं बारीक वर्तुळ, शेजारी तिरका आकडा. शंभर नकाशांत ओळखेन मी तो आकडा.

बाबा याच खात्यात एकतीस वर्षं मोजणीदार होते. ते चिखल तुडवायचे, मी माउस फिरवते.

साहेबांना महिनाअखेरपर्यंत डेटाबेस साफ हवा आहे. प्रत्येक बिंदूपुढे ‘आधार’ असा रकाना आहे. विहीर फोटोवर दिसली पाहिजे, नाहीतर कुणीतरी अलीकडे जाऊन पाहिलेली पाहिजे. दोन्ही नसेल तर पुसायची, पण पुसण्याआधी जागेवर जाऊन यायचं. असा नियम आहे. कुणी पाळत नाही.

बुधवार, ६ मार्च
सकाळी बाबांनी मला ताईच्या नावाने हाक मारली. मग विचारलं, आईला चहा दिलास का? आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी ‘दिला’ म्हटलं. खोटं बोलणं किती सोपं होतं!

ताईचा फोन. तिकडे लांब बसून रोज एकच— जप त्यांना, एकटं सोडू नकोस. जपतेच आहे. कामाच्या दिवशी शेजारच्या काकू बसतात, रविवारी मी.

रविवार, १० मार्च
आज बाबांना लॅपटॉपवर त्यांचा नकाशा दाखवला. वाटलं, जरा रमतील. रमले कसले, चक्क सरळ बसले! चष्मा मागितला. सकाळी जेवलो की नाही हे न आठवणारा माणूस एकेका वर्तुळावर बोट ठेवून सांगत होता— हिला पायऱ्या आहेत, हिचं पाणी मचूळ.

वीटभट्टीच्या मागच्या विहिरीवर आले. क्रमांक ४१७. फोटोवर तिथे नुसता हिरवा ठिपका. मी तो मोठा मोठा करून दाखवला. शेवटी फक्त चौकोन उरले, हिरवे, एकाला एक चिकटलेले. फोटोचं असंच असतं. जवळ जावं तितकं कमी कळतं. बिंदूचं तसं नाही. बिंदू म्हणजे कुणीतरी शब्द दिलेला असतो, की इथे आहे.

म्हटलं, बाबा, इथे काही नाही हो. 

“झाडी वाढली असेल. मी स्वतः दोरी सोडून मोजलीय. सदतीस फूट. कठडा नाही, म्हणून तर मुद्दाम दाखवली.” मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “खुर्चीत बसून विहिरी बुजवता होय? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला.”

हसले मी. कितीतरी महिन्यांनी ते मला टोचून बोलले होते. कबूल केलं— पुढच्या रविवारी दोघं जाऊन बघू. चार किलोमीटर तर आहे.

मंगळवार, १२ मार्च
बाबा दोनदा म्हणाले, रविवारी जायचंय. हे बरं लक्षात राहतं!

रविवार, १७ मार्च
गेलो नाही. साहेबांनी घरी काम दिलं होतं. बाबा सकाळी सातपासून बूट घालून, टोपी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. अकराला मी सांगितलं, आज नाही जमणार, पुढच्या रविवारी नक्की. बूट मात्र दुपारपर्यंत पायातच होते.

गुरुवार, २१ मार्च
एकोणीस विहिरी शेजारच्या टेबलावरच्या बाई जाऊन बघून आल्या. उरल्या एकशे त्र्याण्णव. साहेब म्हणाले, एवढं कोण फिरणार, नियम बाजूला ठेवा, मी आहे ना.

एका ओळीची आज्ञा— आधार रिकामा असेल आणि फोटोवर दिसत नसेल, ते सगळे बिंदू पुसा. बटण दाबायच्या आधी ४१७ आठवली. तेवढी वगळता आली असती. पण तिच्यापुढे आधार काय लिहायचा? मेलेल्या बायकोला चहा दिला का, असं विचारणाऱ्या माणसाचा शब्द? दाबलं. पापणी लवते न लवते तोच एकशे त्र्याण्णव गेल्या.

बाबांना सांगितलं नाही. सांगून काय करायचं?

रविवार, २४ मार्च
बाबा घरात नाहीत.

सकाळी पुन्हा बूट घालून बसले होते. मला बरं नव्हतं, रात्रभर कणकण होती. म्हटलं, बाबा, आज नको, पुढच्या रविवारी. “बरं,” म्हणाले. मी आंघोळीला गेले. दहा मिनिटं! बाहेर आले तर खुर्ची रिकामी, दार उघडं. दाराला कडी घालायची मी विसरले होते.

गल्ली, दवाखाना, बसथांबा, आई जायची ती बाग. वीटभट्टीपर्यंतही रिक्षाने जाऊन आले. रस्त्यावर कुणी नाही. भट्टीवरचा माणूस म्हणाला, कुणी म्हातारा आलेला दिसला नाही. मागे रान माजलंय, छातीएवढी काटेरी झुडपं. तिथे ते कसे जातील, आणि विहीर तरी कुठे दिसतेय? हाका मारल्या. परत फिरले. पोलिसांत तक्रार दिली. ताई निघालीय.

सोमवार, २५ मार्च
फौजदार मला म्हणाले, तुमच्याइतका चांगला नकाशा आमच्याकडे नाही, तुम्हीच द्या. दिला. घराभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि डेटाबेसला विचारलं, यात पडण्यासारख्या जागा किती? विहिरी, तळी, खाणी. चौदा आल्या. छापून सगळ्यांच्या हातात दिल्या. ताई म्हणाली, बरं झालं, निदान तुझं काम उपयोगी पडलं.

दिवसभर माणसं चौदा ठिकाणी गळ टाकून बघत होती. एकेक ठिकाणाहून फोन यायचा— इथे नाहीत. दर वेळी मी देवाचे आभार मानले. भट्टीकडे गेलेले लोक कुंपणापासूनच परतले. पुढे नकाशावर काही नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च
सकाळी साडेनऊ. ताई चहा देत होती. फौजदारांनी यादी पुन्हा काढून मागितली, एखादी जागा सुटली तर नाही ना म्हणून. पुन्हा चौदाच.

चौदाच येणार. मीच साफ केलेला तक्ता तो! पुसलेलं त्यात येणार कुठून?

गुरुवारच्या आधीची प्रत कचेरीच्या संगणकावर होती. ती घरूनच लॅपटॉपवर उघडून तीच विचारणा तिच्यावर चालवली. बावीस आल्या. एकेक वाचायची गरज नव्हती. ४१७ त्यांत होती. फौजदारांना फोन केला. ताईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, कुठे सांगू? मी पडद्यावरच्या बिंदूकडे बोट केलं.

निघतोय आम्ही. बाबा, मी येतेय हो.

शुक्रवार, २९ मार्च
बाबा तिथेच होते.

भट्टीच्या पलीकडच्या अंगाने विहिरीपर्यंत त्यांनी झुडपं दोन्ही बाजूंना मोडून वाट केली होती. काठाजवळ दोन काटक्या एका ओळीत रोवल्या होत्या, मोजणीत रोवायचे तशा. तिसरी रोवायची तिथे काठ ढासळला होता.

आज कचेरीत जाऊन बिंदू परत घातला. क्रमांक ४१७. खोली सदतीस फूट. कठडा नाही. आधार— प्रत्यक्ष पाहणी. पाहणी करणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. पाहणीची तारीख, २४ मार्च.